लेनिनचा बेंजो

माझ्या थोरल्या भावाच्या, दयारामदादाच्या घरी, ओटीवर, दोन फोटो शेजारी शेजारी लावलेले आहेत. एक आमच्या आईचा आणि दुसरा लेनिनचा. दसऱ्याला दोघांनाही झेंडूचा हार पडतो. दोघांच्या मधे खुंटीवर दादाचा बेंजो टांगलेला असतो. नवीन माणूस हे बघून चहा पितो आणि विषय बदलतो. आमचं गाव अलिबागजवळच्या खारेपाटातलं, पक्क्या लाल बावट्याचं. तिथे भिंतीवर लेनिन असणं म्हणजे काही आक्रीत नाही. पण त्याचा बेंजोशी काय संबंध, हे चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कुणी विचारलंच नाही. ज्याला विचारावंसं वाटलं असेल, त्याला वाटलं असेल की दयाराम पक्षाचा माणूस आहे. विचारलं असतं तर दादाने छाती काढून सांगितलं असतं, की लेनिन हा विलायतेतला सगळ्यात मोठा गाणारा होता आणि त्याला बेंजो त्याच्या आईने शिकवला.

हसलात ना? हसा. मीही हसले, पण फार उशिरा. आधी रडले, आणि त्याच्याही आधी बरेच दिवस मला काही कळतच नव्हतं.

आमच्याकडचा बेंजो ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. त्याला पुढे लाउडस्पीकर जोडला, सोबत ढोलकी-ताशा आला, की झाली बेंजो पार्टी. हळदीला बेंजो नाही म्हणजे कालवणात मीठ नाही, असं आमच्याकडे एके काळी म्हणत. आता डीजे आला आणि मीठही गेलं, कालवणही गेलं, नुसता धूर राहिला. पण तो माझा राग आहे, तो बाजूला ठेवते.

आमची आई जनी. ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गाणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी मंत्र म्हणतो ते ठीक, पण आमच्या म्हाताऱ्यांना विचाराल तर लग्न लागतं ते धवल्याने. आईला बेंजोतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने त्याला कधी हातसुद्धा लावला नाही. ती अंगणात सुकट निवडत बसायची आणि गायची. दादा समोर पेटी घेऊन एकेक बटण चाचपत तिचा सूर शोधायचा. चुकला की ती मान वर न करता म्हणायची, "नाय. खाली." दादा बोट खाली सरकवायचा. जमलं की ती काहीच बोलायची नाही. आमच्याकडे कौतुक म्हणजे तेवढंच.

तिचा एक धवला होता, तिला तिच्या आईकडून आलेला. हळद लावून झाली की नवरीला पाटावरून उठवताना ती तो गायची. तो दुसऱ्या कुठल्या धवलारणीला येत नव्हता. माझ्या गळ्यात तो का उतरला नाही असं विचारू नका. मी गायला लागले की वाडीतली कुत्री उठून दुसऱ्याच्या वाडीत जातात. तो उतरला तो दादाच्या बोटांत.

आता लेनिन कसा आला ते.

दादा तेव्हा सतरा वर्षांचा होता. किहीमला एका पारशी बावाजीच्या बंगल्यावर तो नारळ पाडायला जायचा. त्या डिसेंबरात एके सकाळी तो गेला, तर बावाजी व्हरांड्यात टेप लावून डोळे पुसत बसलेले. घरातलं कुणी गेलं की काय म्हणून दादा पायरीवरच थांबला. बावाजी म्हणाले, "अरे दयाराम, आपला लेनन गेला. कोणी तरी गोळी मारली रे." लेनन कोण हे दादाला कुठून माहीत असणार? बावाजींनाही ते कुणाला तरी सांगायचंच होतं. म्हणाले, विलायतेत त्याच्यासारखा गाणारा झाला नाही, आणि सगळ्यात आधी तो काय शिकला माहीत? "बेंजो! अने कोण शिकवला? त्याची मम्मी!"

दादा नारळ न पाडताच घरी धावत आला. आई सुकटच निवडत होती. त्याने धापा टाकत सगळं सांगितलं. आईने पहिल्यांदाच हातातलं काम खाली ठेवलं. "मंजे ती बी माजेसारखीच," ती म्हणाली. मी तेव्हा लहान होते, पण तिचा तो चेहरा मला आठवतो. त्या दिवसापासून ती सुकट निवडतानासुद्धा ताठ बसायला लागली.

संध्याकाळी दादाने नाक्यावर ही बातमी बाबाजीकाकांना सांगितली. बाबाजीकाका म्हणजे गावातले लाल बावट्याचे म्होरके. त्यांनी नाव ऐकलं आणि दादालाच समजावलं, "अरं लेनन काय, लेनिन! आपलाच हाय तो. गरिबांचा मानूस. गरिबाचे घरी मास्तर कुठला परवडतो, शिकवला असंल आयशीनं." गोळीचंही जमलं. लेनिनवर कुणी तरी गोळी झाडली होती हे काकांना पक्कं ठाऊक होतं. आता ती कधी झाडली हा प्रश्न नाक्यावर कुणाला पडला नाही. काकांनी कार्यालयातला जुना फोटो फ्रेमसकट दादाला दिला. टक्कल, टोकदार दाढी, नजर कुठे तरी लांब. आईने तो डोळे भरून बघितला आणि म्हणाली, "गानारा दिसत न्हाय. पन आयशीवर गेला असंल."

दादाच्या पार्टीचं नाव जनाई बेंजो पार्टी. तिच्या ढोलावर त्याने हौसेने लेनिन रंगवून घेतला होता. दुसऱ्या झेंड्याच्या गावांनी निवडणुकीच्या साली त्याला हळदीला बोलावलं नाही. दादाला कारण कधी कळलं नाही. तो म्हणायचा, त्या गावांना गाण्यातलं कळत नाही.

मी लग्न होऊन नागावला आले. आमच्या नारळ-सुपारीच्या वाडीत पुढे आम्ही चार खोल्या काढल्या आणि पाहुणे ठेवायला लागलो. दर हिवाळ्यात सुजित नावाच्या एका पुणेकराचा मित्रमेळा येतो. सगळे पन्नाशीचे, कॉलेजपासूनचे दोस्त, डोक्यावरचे केस गेलेले पण अंगात काळे टीशर्ट. एकाच्या टीशर्टवर लाल जीभ बाहेर काढलेलं तोंड. पहिल्या वर्षी मी ते बघून हातच जोडले. म्हटलं, बंगालकडची कालीमाता दिसते. ते सगळे हसले, पण सुजित म्हणाला, "मावशी, तुम्ही बरोबर आहात. हे इंग्लंडच्या एका बँडचं चिन्ह आहे, आणि ज्याने ते काढलं त्याला नमुना म्हणून कालीमातेचंच चित्र दाखवलं होतं." मी गोंधळले. मी चुकले होते की बरोबर होते, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

या जानेवारीत ते आले तेव्हा दादाही माझ्याकडे होता. माझ्या लेकीचं, आरोहीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. मामा म्हणून त्याला चार गोष्टी विचारायच्या होत्या. पण खरं विचारायचं तेवढं सोडून सगळं बोलून झालं, कारण ते ठरलेलंच होतं. आरोही बारशात रडत होती तेव्हा आईने तिला मांडीवर घेऊन सांगून ठेवलेलं, की हिची हळद माझी. आई आठ वर्षांपूर्वी गेली. म्हणजे आता तो धवला दादाच्या बेंजोतूनच यायचा. दुसरीकडे तो उरलाच नव्हता.

त्या संध्याकाळी पाहुण्यांनी पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला, वरून पेंढ्याचा जाळ. जाळ सांभाळायला दादा बसला होता. शेंगा शिजेपर्यंत सुजितने त्यांचा तो जुन्या विलायती गाण्यांचा प्रश्नांचा खेळ सुरू केला. मी चटणी वाटत ऐकत होते आणि माझं डोकं फिरत होतं. डावखुरा म्हणून गिटार उलटी धरून वाजवणारा कोण? अपघातात हात गेल्यावर एका हाताने ड्रम वाजवणारा कोण? पाचगणीच्या बोर्डिंगात शिकून विलायतेत नाव काढलेला गायक कोण? पाचगणी ऐकून मी मान वर केली. आपल्याकडे पाचगणीला जाऊन लोक फार तर स्ट्रॉबेरी आणतात.

मग सुजितने विचारलं, "जॉन लेननला तारांचं पहिलं वाद्य कोणी शिकवलं आणि कोणतं?"

कुणी म्हणालं गिटार. कुणी म्हणालं त्याला मावशीने वाढवलं, तर मावशीने. तेवढ्यात जाळामागून आवाज आला, "बेंजो. आयशीनं."

सगळे वळले. दादा काठीने पेंढा सारखा करत होता.

"काका! बरोबर!" सुजित उभाच राहिला. टाळ्या, शिट्ट्या. मडकं उघडल्यावर पहिलं अंडं दादाला. एकाने त्याला मिठी मारली. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं, धूर होता म्हणाला. मग त्याने सांगितलं, की त्या माणसाचा फोटो त्याच्या घरी आहे, दर दसऱ्याला हार घालतो आणि तो स्वतः बेंजोच वाजवतो. ते शहरी लोक एकदम हळवे झाले. खारेपाटातल्या एका घरात लेननच्या फोटोला हार पडतो! सुजित म्हणाला, "काका, उद्या सकाळी फोटो आणि बेंजो दोन्ही घेऊन याच."

मला तेव्हाच काही तरी खटकायला हवं होतं. पण मला तरी लेनन कुठे माहीत होता? मला लेनिनच माहीत होता.

सकाळी दादा इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरवरून आला. बेंजो आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, फोटो वर्तमानपत्रात. पाहुणे अंगणात गोल करून बसले, मोबाइल काढून तयार. मी घावण्यांचं ताट घेऊन दारात उभी. दादाने कागद सोडला आणि फोटो दोन्ही हातांनी समोर धरला.

मोबाइल हळूहळू खाली आले. मग एक जण खोकला. सुजित हळूच म्हणाला, "काका, हे लेनिन आहेत."

"व्हय. लेनिनच."

"लेनन, काका. जॉन लेनन."

"तेच. तुमी लेनन म्हनता, आमी लेनिन."

"नाही काका. हे रशियाचे. ते पुढारी होते. गाणारा वेगळा."

दादाने फोटो स्वतःकडे वळवून बघितला, जणू रात्रीतून कुणी बदलला असेल. सुजितने मोबाइल पुढे केला. लांब केस, गोल चष्मा, बारीक तोंडाचा पोरगेला माणूस. दादा एकदा मोबाइलकडे, एकदा फोटोकडे. मागे कुणाला तरी हसू आवरलं नाही, आणि एक हसला की कसं होतं ते तुम्हाला माहीत आहे. वाईट मनाचं हसू नव्हतं ते. पण हसूच होतं.

"बरा, मानूस चुकला," दादा म्हणाला. "बेंजो तर हाय ना?" आणि त्याने लुगडं सोडलं.

सुजितचा चेहरा बघून मला ताट खाली ठेवावंसं वाटलं. त्याला सांगायचं नव्हतं, पण दादा त्याच्याकडेच बघत होता. शेवटी त्याने पुन्हा मोबाइलवर बोट फिरवलं. डफाला लांब दांडी लावल्यासारखं काही तरी, त्याच्यावर तारा. "त्यांच्याकडे बेंजो याला म्हणतात, काका. लेननच्या आईचा असा होता. तुमचं हे वाद्य वेगळं आहे. पण छान आहे, वाजवा ना."

दादाने वाजवला नाही. हळूहळू लुगडं गुंडाळलं, गाठ मारली आणि हसला. ते हसणं मला आवडलं नाही. आमचे वडील ज्या वर्षी खारं पाणी शिरून शेत गेलं त्या वर्षी असे हसायचे. स्कूटरला किक मारता मारता तो मला म्हणाला, "रंगू, आरोहीचे हलदीला डीजे सांग. मी आता हा वाजवनार न्हाय."

मला आला राग. पाहुण्यांवर आला, दादावर आला, मेलेल्या पारशी बावाजीवरही आला. ती घावणी मी कुणाला वाढली नाहीत, स्वतःच खाल्ली.

पुढचे काही आठवडे आमच्या घरात जो गोंधळ चालला तो विचारू नका. आरोही सुजितशी फोनवर बोलायची आणि रोज नवी माहिती आणायची. एक दिवस म्हणाली, "मामाचा बेंजो मूळचा जपानचा आहे. शंभर वर्षांपूर्वी तिकडे कुणी तरी टाइपरायटर बघून बनवला." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "जर्मनीतल्या दोघांच्या एका बँडने पन्नास वर्षांपूर्वी हेच वाद्य रेकॉर्डवर वाजवलं आणि त्याचं नाव चक्क जपानी बेंजो असं छापलं." तिला वाटलं, आता मामा खूश होईल. बेंजोला बेंजो म्हणणारे जगात आणखी कुणी तरी निघाले की!

मी ही शिदोरी घेऊन खारेपाटात गेले. कमळवहिनीने डोळ्यांनीच ओटीवर खुणावलं. बेंजोची खुंटी रिकामी. लेनिनचा फोटो उतरवून कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. वहिनी कुजबुजली, "फेकवत पन न्हाय त्याना. इतकी वर्सं हार घातलाय."

दादाने माझं सगळं ऐकून घेतलं. मग बोटांवर हिशेब लावायला लागला. "मंजे पेटी जपानची. वाजवली जर्मनांनी. नाव विलायतेचा. फोटो रशियाचा. आनि मी खारेपाटातला. मंग रंगू, मी इतकी वर्सं वाजवत काय व्हतो?"

मी म्हटलं, "बेंजो वाजवत होतास. डोकं फिरवू नकोस."

"तुना कलत न्हाय." तो आईच्या फोटोकडे बघत होता. "मना लोकांचा काय न्हाय. लोक हसले, हसू देत. पन मी आयशीला खोटा सांगितला. त्या येका गोष्टीवर ती जल्मभर ताठ बसली. मरायचे आदल्या दिवशी मना काय विचारलान ठाव हाय? त्या लेनिनचे आयशीचा नाव काय रं? मी म्हटला, मना ठाव न्हाय. ती म्हनली, विचारून ठेव, वर गेल्यावर वलख काढायला बरा पडंल. आता ती वर जाऊन लेनिनचे आयशीला हुडकीत असंल, आनि ती बाई म्हनंल, कुठला बेंजो?"

तो हे चेष्टेने बोलत नव्हता. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी रडले. तेवढं करून परत आले. येताना एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंची खाजणं, खाऱ्या पाण्याखालची ओसाड जमीन, दिसत होती आणि मला एवढंच कळत होतं, की आरोहीच्या हळदीला आई येणार नाही.

घरी आल्यावर मी सुजितला स्वतः फोन लावला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "तुमच्या त्या लेननच्या आईचं नाव काय?"

तो दचकला असावा. "ज्युलिया. का हो मावशी?"

"तिने पोराला बेंजो शिकवला हे तरी खरं ना? की तेही उद्या बदलेल?"

"खरंच आहे. तो मोठा व्हायच्या आतच ती गेली, मोटारीने उडवलं तिला. आणि गंमत सांगू? त्याने पुढे गिटार हातात घेतली, पण त्याला येत होतं ते आईने शिकवलेलं बेंजोचंच. गिटारला सहा तारा असतात. हा बेंजोच्या चार तारांसारखी बोटं ठेवून वाजवायचा. त्याच्या एका दोस्ताने ते बघितलं तेव्हा त्याला कळेना, की हा नक्की वाजवतोय काय."

"म्हणजे गिटारवर बेंजो वाजवत होता?"

"सुरुवातीला, हो. नीट गिटार नंतर शिकला."

मामाला पहिली पत्रिका द्यायला गेले तेव्हा मी हे सगळं दादाला सांगितलं. मला स्वतःला त्यातलं निम्मंच कळलं होतं, तेवढंच सांगितलं. त्या बाईचं नाव ज्युलिया. ती गेली आणि पोरगा भलत्याच वाद्यावर आईची बोटं ठेवून वाजवत बसला. दादा पत्रिकेवरची हळद नखाने खरवडत होता.

"हसले असतील त्याना," तो म्हणाला.

"असतील की. मला काय माहीत?"

"तरी वाजवीत ऱ्हायला?"

"मोठा झाला म्हणजे वाजवतच राहिला असणार ना, दादा!"

त्याने पत्रिका खिशात ठेवली. जरा वेळाने म्हणाला, "डीजे ठरला का?" मी म्हटलं, ठरला. आणि तोंड फिरवून निघाले.

हळदीची संध्याकाळ. नागावच्या अंगणात मांडव, डीजेच्या पेट्या माझ्या उंचीच्या. त्या वाजायला लागल्या की ताटातले तांदूळ उड्या मारायचे. दादा आला, पण हात रिकामे. मामाचा मान म्हणून त्याला पुढे बसवलं. आरोही पाटावर पिवळीधमक होऊन बसली होती आणि तिचे डोळे सारखे मामाच्या हातांकडे जात होते. हळद लावून झाली. नवरीला उठवायची वेळ झाली. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ही वेळ जनीची होती हे त्यांना माहीत होतं.

काय झालं मला कळलं नाही, मी सरळ जाऊन डीजेला म्हटलं, बंद कर. त्याला ऐकू गेलं नाही. मग मी ज्या आवाजात म्हटलं तो आवाज काशीदपर्यंत गेला असेल. मांडव चिडीचूप. मी आरोहीसमोर उभी राहिले आणि आईचा धवला म्हणायला लागले.

लोकांना अजून वाटतं की मी मुद्दाम चुकीचं गायले. देवाशपथ सांगते, मी माझ्या परीने बरोबरच गात होते. पण सुरांचं आणि माझं जुनं वैर. एक पोर हसली. माझ्या जावेने पदर तोंडाला लावला. मी डोळे मिटून दामटत राहिले.

"नाय. खाली."

मी थांबले. मांडवात सगळ्या बायकांच्या माना एकदम वळल्या. दादाच होता, पण हुबेहूब आई. मी पुन्हा सुरू केलं.

"नाय. खाली, रंगू. खाली."

"मला नाही जमत खाली," मी ओरडले. "माझा गळा एवढाच आहे. तुला येतं तर तू वाजव!"

दादा उठला. पुटपुटत, शिव्या देत मांडवाबाहेर गेला. मला वाटलं, गेला हा, आता लग्नालाही येत नाही. पण तो विहिरीजवळ लावलेल्या स्कूटरपाशी गेला आणि पुढ्यातून लुगड्यात गुंडाळलेली पेटी काढून घेऊन आला.

"आणला होतास तर?" मी म्हटलं.

"स्कूटरवरना काढायचा ऱ्हायला व्हता," तो म्हणाला. इतकं खोटं तो आयुष्यात बोलला नसेल.

त्याने पाटाच्या शेजारीच बैठक मारली. लाउडस्पीकर नाही, ढोलकी नाही. तारा जुळवल्या. मग बटणांवर बोटं ठेवून क्षणभर थांबला आणि मान खाली घालून अगदी हळू काही तरी बोलला. मी जवळच होते म्हणून ऐकू आलं. तो म्हणाला, "आये, तिचा नाव ज्युलिया."

आणि वाजवला. आईचा धवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठेही न चुकता. म्हाताऱ्या बायकांनी मधूनच शब्द धरले, ज्यांना जेवढे आठवत होते तेवढे. आरोही उठली तेव्हा तिच्या गालावरची हळद ओघळून गळ्यापर्यंत आली होती. माझंही काही वेगळं नव्हतं, मला फक्त हळद लावलेली नव्हती.

लग्न पार पडल्यावर आरोहीने मामासाठी एक फोटो मोठा करून आणला. गोल चष्मेवाला, नीट फ्रेम करून. म्हणाली, आता तरी खरा माणूस लावा. मीच तो घेऊन गेले. ओटीवर चढले आणि बघते तर बेंजो खुंटीवर, आई आपल्या जागी आणि लेनिनही आपल्या जागी, ताजा पुसलेला.

"अरे दादा, हा रे कशाला पुन्हा? खरा आणलाय मी."

दादाने नवा फोटो हातात घेतला, लांब धरून, जवळ धरून बघितला. मग कमळवहिनीकडे दिला. "आत लाव. देवघराचे बाजूला. त्याची आयस गेलीय, त्याना बरा वाटंल."

"आणि हा रशियाचा?"

"तो ऱ्हाऊ दे हितंच," दादा म्हणाला. "या चश्मेवाल्यानं आपली आयस आयकली न्हाय. यानं आयकलीय."